आठवणींची शाकारणी



मी कलाशाखेचा माणूस. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, विज्ञानाशी ओळख शाळेपुरती. तरीही आज मेंदूतल्या प्रथिनांविषयी बोलणार आहे. त्याचं कारण माझी अम्मा.

सत्तरी ओलांडल्यावर ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली. असरची नमाज पढून उठायची, जानमाज घडी करून ठेवायची आणि पाच मिनिटांनी विचारायची, "असर झाली का रे?" पुन्हा वजू, पुन्हा नमाज. आधी आम्ही हसलो. मग चिडू लागलो. एके दिवशी मी तिच्यावर ओरडलो, "किती वेळा सांगायचं, अम्मा?" ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न शेजारच्या काकूंना हळू आवाजात विचारला. माझं उत्तर ती विसरली होती, पण माझी भीती तेवढी तिच्यात राहिली होती.

पुढे डॉक्टरांनी निदान केलं, अल्झायमर. तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेलो. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी बोलतात, पण एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे नाव रूढ केलं. एका पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या तयार असतात. निरोप आला की काही प्रथिनं दोरीच्या पिळासारखी एकमेकांत गुंततात आणि पिशवीला पेशीच्या कडेशी ओढून आणतात. पिशवी उघडते, रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या काठावर दुसरी प्रथिनं ते झेलायला उभी असतात. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. पेशीतल्या या पिशव्यांची वाहतूक कशी चालते ते उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सुडॉफ या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं.

आठवण तयार होते ती या जोडांवर. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर प्रयोग करून दाखवलं, की थोडा वेळ टिकणारी आठवण असलेल्या प्रथिनांत जरासा बदल करून भागते. मात्र दीर्घकाळ टिकायची असेल, तर पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात आणि नवे जोड उभे राहतात. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

मला यात सर्वांत नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. ही प्रथिनं फार दिवस टिकत नाहीत. त्यांपैकी बहुतेक काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. मग पन्नास वर्षांपूर्वीची आठवण राहते कशी? आमच्या गावाकडे पावसाळ्याच्या तोंडावर घरं शाकारायचे. फुटकं कौल काढायचं, नवं बसवायचं. दहा-वीस वर्षांत सगळी कौलं बदललेली असत, पण छप्पर तेच. आठवणीचंही तसंच. मेंदूत ही शाकारणी रोज, न थांबता चालू असते.

अल्झायमरमध्ये नेमकी हीच व्यवस्था बिघडते.

१९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव लिहायला सांगितलं. तिला ते पूर्ण करता येईना. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, असं ती म्हणाल्याची नोंद आहे. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेल्या गाठी आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ त्यांना दिसली. त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

त्या गाठी बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याच्या असतात, हे १९८० च्या दशकात कळलं. गुंतवळ असते टाऊ या प्रथिनाची. निरोगी पेशीत टाऊ उपयोगी असतं. पेशीच्या आत मालवाहतुकीचे जणू रूळ असतात, त्यांना ते आधार देतं. रोगात ते रुळांवरून सुटतं आणि आपसात गुंतून बसतं. अमायलॉइडच्या मोठ्या गाठींइतकेच, कदाचित त्याहून जास्त, त्याचे लहान लहान पुंजके घातक असतात असं आता बरेच संशोधक मानतात. ते सिनॅप्सवर बसतात आणि जोड निकामी करतात. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रुग्णाची विस्मृती किती वाढली आहे याचा मेळ गाठींच्या संख्येपेक्षा नाहीशा झालेल्या सिनॅप्सशी जास्त बसतो.

आपल्याकडेही यावर काम झालं आहे. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चमधल्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिनॅप्सचा सांगाडा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांनी उभा असतो. अमायलॉइडच्या गाठी दिसू लागण्याच्या आधीच हे धागे विसकटायला लागतात, असं त्यात आढळलं.

पार्किन्सनच्या आजाराची गोष्टही याच वळणाची आहे. अल्फा सिन्युक्लिन हे प्रथिन एरवी सिनॅप्सपाशी त्या पिशव्यांच्या कामात मदत करतं. रोगात तेच गोळा होऊन पेशीत अडकतं. म्हणजे बाहेरून कुणी शत्रू येत नाही. घरचंच माणूस बिघडतं.

उपचारांचं म्हणाल, तर लेकॅनेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये मंजूर झालं. लेकॅनेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. गेलेली आठवण मात्र परत येत नाही. औषध सुरुवातीच्या टप्प्यातच देतात आणि त्यात मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा सुधारता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा ही त्यांतली काही. आयुष्यभर यांच्याकडे लक्ष दिलं, तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबू शकतो, असं आयोग म्हणतो. अम्माला ऐकू कमी येत होतं. कानाचं यंत्र घ्यायचं आम्ही चार वर्षं पुढे ढकलत राहिलो. वय झालं, म्हणत राहिलो.

म्हणून सांगतो, विसरण्याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होऊ नका. थायरॉइडचा दोष, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपाय आहेत. डॉक्टरांना वेळेवर दाखवा.

अल्झायमरचं निदान झालंच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. समोरचं माणूस मुद्दाम करत नाही. आपण दिलेलं उत्तर साठवायला त्याच्या मेंदूत जोडच शिल्लक नसतो. हे कळलं त्या दिवसापासून माझा राग उतरला. असर झाली का, असं अम्माने विचारलं की मी म्हणायचो, "झाली अम्मा, तू पढलीस, मी पाहिलं." दिवसातून दहा वेळा म्हणायचो. कधी ऐकायची नाही आणि पुन्हा उभी राहायची. मग मीही शेजारी जानमाज अंथरायचो. नावं गेली, नाती गेली, तरी रुकू आणि सजदा तिच्या अंगाला शेवटपर्यंत पाठ होते. हाता-पायांची सवय साठवणारे मेंदूचे भाग या रोगात बराच काळ तग धरतात, हे मी नंतर वाचलं.

भेटायला येणारे पाहुणे तिला विचारायचे, "ओळख पाहू, मी कोण?" ती कावरीबावरी व्हायची. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर ही परीक्षा घेऊ नका. दारातूनच आपलं नाव सांगा, नातं सांगा आणि जवळ जाऊन बसा. शेवटची दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तसंच करायचो. तिला मी कोण ते कळायचं की नाही, ठाऊक नाही. पण ती सरकून बसायची आणि मला जागा करून द्यायची.