मूलपेशींच्या पेरणीचा वाफसा

पाऊस पडतांच शेतकरी तिफण जुंपीत नाहीं. तो वाफशाची वाट पाहतो. चिखलांत पडलेलें बी कुजतें, आणि वाफसा निघून गेल्यावर पेरलेलें नीट उगवत नाहीं. कर्करोगावरील एका उपचारांत डॉक्टरांना असाच वाफसा साधावा लागतो. तो उपचार म्हणजे रोग्याच्या स्वतःच्याच मूलपेशींचें प्रत्यारोपण.

रक्तांतील सर्व पेशी ज्यांच्यापासून जन्म पावतात, त्या मूलपेशी हाडांच्या मज्जेंत असतात. मल्टिपल मायलोमा हा मज्जेचाच एक कर्करोग. मेल्फलान नांवाच्या औषधाची मोठी मात्रा दिल्यास तो समूळ गेला नाहीं तरी मागें हटतो, हें १९८३ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं दाखवून दिलें. परंतु हें औषध चोरासवें घरधन्यासहि झोडपतें. मज्जा ओस पडते. म्हणून औषधापूर्वींच रोग्याच्या रक्तांतून मूलपेशी वेगळ्या काढून जपून ठेवतात आणि मागाहून शिरेवाटें परत देतात. त्या आपण होऊन मज्जेंत जाऊन वसतात.

मागाहून म्हणजे केव्हां, हाच खरा प्रश्न. घाई केली, तर शरीरांत उरलेलें औषध परत आलेल्या पेशींनाहि मारील. उशीर केला, तर ज्या दिवसांत रोग्याच्या रक्तांत पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात, ते दिवस वाढतील. आणि त्या दिवसांत साधा जंतुसंसर्गहि प्राणावर बेततो.

येथें गणित साहाय्यास येतें. रक्तांतील मेल्फलानचें प्रमाण सुमारें दीड-दोन तासांत निम्म्यावर येतें. दोन तास धरले तरी एका दिवसांत तें बारा वेळां निम्में होतें. म्हणजे चार हजारांत एक भागहि उरत नाहीं. म्हणून औषधानंतर साधारणतः २४ तासांनीं, कोठें ४८ तासांनीं, पेशी देतात. जीं औषधें शरीरांत अधिक रेंगाळतात, त्यांच्यानंतर अधिक थांबावें लागतें.

पेशींनाहि वेळेचें बंधन असतें. दीर्घकाळ ठेवावयाच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्यानें गोठवितात. त्याचें उष्णतामान शून्याखालीं १९६ अंश. गोठतांना त्या फुटूं नयेत म्हणून घातलेलें द्रव्य वितळल्यावर त्यांनाच बाधक होतें. यास्तव खाटेजवळच ३७ अंशांच्या पाण्यांत पिशवी वितळवून ती विलंब न लावतां शिरेंत सोडतात. मेल्फलान एकाच दिवसांत देऊन होतें, त्यामुळें भारतांतील कांहीं रुग्णालयें पेशी न गोठवितां दोनतीन दिवस सुमारें ४ अंशांच्या थंडाव्यांत ठेवून वापरतात. खर्च वांचतो, पण मग दिरंगाईस जागा राहत नाहीं.

पेशी शिरेंत गेल्या कीं घरच्यांना वाटतें, संकट टळलें. वस्तुतः कठीण दिवस पुढेंच असतात. पांढऱ्या पेशी नाहींशा होतात, ताप येतो, तोंड सोलतें. आणि साधारणतः दहा ते चौदा दिवसांनीं नव्या पेशी रक्तांत दिसूं लागतात. तोंवर भेटावयास जाण्याची हौस आवरणें, हात धुतल्यावांचून खाटेजवळ न जाणें, आणि अंग तापतांच डॉक्टरांना कळविणें, एवढें आप्तांच्या हातीं असतें; आणि तें थोडें नव्हे.