कालवणाचें मडकें

मालवणच्या किनाऱ्यावर बांगड्याचें कालवण मातीच्या भांड्यांत शिजविण्याची चाल पुरातन आहे. ह्या भांड्यास कोठें तवली म्हणतात, कोठें नुसतें मडकें. शेजारच्या गोव्यांत त्यालाच कुंडलें असें नांव आहे. पितळ, ॲल्युमिनियम आणि पोलाद यांनीं मध्यंतरीं त्यास स्वयंपाकघरांतून जवळजवळ हद्दपार केलें होतें. आतां तारकर्लीचा समुद्र पाहावयास आलेलीं मुंबई-पुण्याकडील कुटुंबें परत जातांना असें एखादें मडकें हौसेनें विकत घेतात. घरीं पोंचल्यावर तें कोरडेंच गॅसच्या मोठ्या ज्योतीवर चढतें, आणि थोड्याच वेळांत 'टच्' असा आवाज होऊन रस्सा शेगडीवर वाहूं लागतो. दोष कुंभाराच्या माथीं बसतो आणि घरांत पुन्हां पोलादाचें पातेलें येतें. वास्तविक त्या बिचाऱ्याचा बहुधा कांहींच अपराध नसतो. मडकें आव्यांतून भाजून निघालें म्हणजे त्याचें अर्धेंच काम पुरें होतें. उरलेलें अर्धें घेणाऱ्याच्या चुलीवर व्हावयाचें असतें, आणि तें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

मातीचें भांडें विस्तवावर कां फुटतें हें समजण्यास त्याची घडण ध्यानीं घेतली पाहिजे. गांवच्या आव्यांतील आंच साधारणतः 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. चिनी मातीचीं भांडीं यापेक्षां पुष्कळ अधिक उष्णतेंत भाजतात, त्यामुळें त्यांची माती अंशतः वितळून एकजीव होते. मडक्याची माती तशी एकजीव होत नाहीं. तिच्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें राहतात. माठांतील पाणी थंड होतें तें ह्याच छिद्रांच्या योगानें. शिवाय माती ही उष्णतेची मंद वाहक. ज्योतीवरचा तळ तापून पसरूं पाहतो आणि कांठ अजून थंडच असतो. ह्या ओढाताणींत भांड्यास चीर जाते. ती टाळावी म्हणून कुंभार रांधण्याच्या मडक्याच्या मातींत वाळू मिसळतो आणि तळ थापीनें थापटून गोल व सारख्या जाडीचा करतो. गोल तळास कोपरा नसतो, म्हणून ताण एका जागीं सांचत नाहीं. शेगडीवर नीट बसावीं म्हणून हल्लीं सपाट तळाचीं मडकीं निघालीं आहेत. तीं सोयीचीं खरीं. परंतु तळ आणि बाजू जेथें मिळतात तेथें त्यांस तडकण्याची भीति अधिक. पाण्याच्या माठांत कालवण शिजवूं पाहणें हा तर निव्वळ अविचार होय.

मडकें घेतेवेळीं तें हातावर तोलून धरावें आणि बोटाच्या पेरानें वाजवून पाहावें. खणखणीत नाद आला तर भाजणी चांगली; बद्द वाजलें तर कोठें तरी चीर आहे असें समजावें. काळें मडकें आव्यांत धूर कोंडल्यामुळें काळें झालेलें असतें, तो रंग नव्हे. तथापि ओलें फडकें फिरवून पाहाण्यास हरकत नाहीं. फडक्यास काळा वा तांबडा रंग लागला तर तें भांडें दिवाणखान्यांत शोभेस ठेवावें, चुलीवर नेऊं नये.

घरीं आणल्यावर मडकें एक रात्रभर पाण्यांत पूर्ण बुडवून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं स्वच्छ धुऊन सावलींत वाळूं द्यावें. मग त्यांत तीन हिस्से तांदळाची पातळ पेज घालून अगदीं मंद आंचेवर तास-दीड तास कढवावें, आणि चूल विझवून तें जागच्या जागींच निवूं द्यावें. उतरवून थंड ओट्यावर ठेवण्याची घाई करणारे येथेंच फसतात. ही पेज टाकून द्यावी. असें दोन-तीन वेळां केलें म्हणजे तांदळांतील सत्त्व फुगून छिद्रांत बसतें आणि पाझर थांबतो. शेवटीं आंतून खोबरेल तेलाचा हात फिरवितात. कोंकणांतील आजीबाईंनीं हें कोणत्याही पुस्तकांत वाचलें नव्हतें, परंतु त्यांच्या हातून मडकें क्वचितच फुटे.

कोंकणच्या स्वयंपाकांत ह्या भांड्याचें महत्त्व आंबटामुळें आहे. बांगड्याच्या कालवणांत तिरफळ हवें तसें आमसूलही हवें. आणि आमसुलाचें आम्ल तांब्या-पितळेस खातें. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यांत कालवण घटकाभर राहिलें तरी कळकतें, व असें अन्न पोटांत जाणें अपायकारक. ॲल्युमिनियमवरही आंबटाचा परिणाम होतोच. मातीस मात्र आमसूल कांहीं करीत नाहीं, म्हणून रात्रीचें कालवण सकाळीं त्याच मडक्यांतून, किंबहुना अधिक चवीनें, पानांत येतें. मडक्यांतील अन्नानें सर्व रोग बरे होतात अशा जाहिराती हल्लीं दिसतात. त्यांकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं. मंद व सर्व बाजूंनीं सारखी आंच लागते, मासा फुटत नाहीं, भांडें कळकत नाहीं, एवढे गुण काय थोडे झाले?

परंतु हा निर्धोकपणा साध्या, बिनझिलईच्या मातीचा आहे. ह्या बाबतींत मेक्सिको देशाचें उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारें आहे. तेथील लोकही पुरातन काळापासून मातीच्या भांड्यांत रांधीत आले आहेत. मक्याच्या भाकऱ्या भाजण्याचें त्यांचें मातीचें तवें 'कोमाल' या नांवानें ओळखले जातात. त्यांस प्रथम चुन्याच्या निवळीचा हात देतात, म्हणजे भाकरी चिकटत नाहीं. मालवणाकडे खापरोळीच्या खापरीस तेल लावतात त्याच जातीची ही युक्ति. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक तेथें आले आणि त्यांनीं शिशाच्या भस्माची झिलई करण्याची कला आणली. भांडीं चकाकूं लागलीं, पाझरेनाशीं झालीं, धुण्यास सोपीं झालीं. पण आव्याची आंच कमी पडली कीं त्या झिलईंतील शिसें पक्कें बांधलें जात नाहीं, आणि लिंबू, टोमॅटो, चिंच असा आंबट पदार्थ त्यांत शिजला कीं तें अन्नांत उतरतें. शिसें लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतें. ह्या भांड्यांमुळें होणारी शिशाची विषबाधा हा त्या देशांत विसाव्या शतकापासून आजवर आरोग्याचा मोठा प्रश्न होऊन बसला आहे. तेव्हां आंतून चकाकणारें, रंगीत झिलईचें मातीचें भांडें कितीही सुंदर दिसलें तरी त्यांत शिसें नाहीं अशी खात्री पटल्यावांचून आमसुलाचें कालवण त्यांत करूं नये. पाझर थांबविण्यास पेज पुरे आहे.

रोजच्या वापरांत पथ्यें थोडींच, पण कडक आहेत. गॅसवर मडकें ठेवतांना खालीं लोखंडी तवा अगर जाळी असावी. आंत कांहीं द्रव घातल्यावरच आंच लावावी, आणि ती हळूहळू वाढवावी. तापलेल्या मडक्यांत थंड पाणी कधींही ओतूं नये. रस्सा वाढवावयाचा तर पाणी ऊनच घालावें. ढवळण्यास करवंटीची डवली वापरावी. मासे पडल्यावर तीही नको. दोन्हीं कांठ फडक्यानें धरून मडकें जरा हालवावें. कालवण पुरें शिजण्याच्या किंचित् आधीं चूल बंद करावी, कारण मडकें खालीं उतरल्यावरही कांहीं वेळ रटरटत असतें. उतरवावयाचें तें चुंबळीवर. घांसण्यास राख आणि नारळाची किशी, नंतर ऊन पाणी. साबण छिद्रांत शिरतो आणि पुढच्या कालवणांत त्याचा वास येतो. माशाचें मडकें आणि दुधाचें मडकें निरनिराळें असावें, हें सांगण्याची गरज कोंकणी घरांत नसते, शहरांत असते.

कुंभारांची स्थिति मात्र अद्याप सुधारावयाची आहे. मालवणनजीक कुंभारमाठ नांवाचें गांव आहे. ठिकठिकाणच्या कुंभारवाड्याही आपल्या नांवांत हा धंदा वागवीत आहेत. सुगडें, घट आणि पणत्या यांच्या आधारावर कित्येकांचें वर्ष निघतें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें 2018 पासून विजेवर फिरणारीं चाकें कुंभारांस देण्याचें काम हातीं घेतलें, त्यानें श्रम हलके झाले. परंतु गिऱ्हाइकाच्या घरीं मडकें पहिल्याच दिवशीं फुटलें तर तें गिऱ्हाईक दुसरें मडकें घेण्यास येत नाहीं, आणि तेथें विजेचें चाक काय करणार? विकतेवेळीं पेजेची कृति दोन वाक्यांत सांगणारा विक्रेता अधिक खपेल असें वाटतें.

पावसाळ्यांत मडक्याची विशेष काळजी घ्यावी लागते. जून-जुलैंत मासेमारी बंद असते आणि पुढें श्रावण पाळणाऱ्या घरांतून तें दोन-तीन महिने पडून राहतें. किनाऱ्यावरच्या दमट हवेंत झांकण घालून कपाटांत ठेवल्यास आंत बुरशी धरते. पूर्वी तें चुलीवरच्या शिंक्यांत धुराला टांगीत. आतां धूर नाहीं, तर निदान तोंड उघडें ठेवून वारा खेळेल अशा फळीवर उपडें घालावें. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हां समुद्रांत जातात. श्रावण सरून ताजा बांगडा घरांत येण्याच्या आदल्या दिवशीं मडकें खालीं काढावें, रात्रभर भिजवावें, आणि नव्यासारखीच एकदां पेज कढवून मग त्यांत वाटण घालावें.