मारिओ मिरांडा यांची माणसे



व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्यावर डिचोलीत बोलायचे तर एक गोष्ट आधीच सांगून टाकली पाहिजे. त्यांच्या चित्रांतला गोवा बहुतांशी सासष्टीचा आहे. बालकांवात बसलेले भाटकार, छत्रीवाले पाद्री, सायकलवरचा पाववाला पोदेर, तावेर्नात रमलेली मंडळी. आपल्या नव्या काबिजादीचा, म्हणजे डिचोली-पेडण्याचा मुलूख त्यांत फार थोडा. तरीही आपल्याला त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मारिओंचा जन्म 1926 सालचा, दमणचा. घर मात्र लोटलीचे. लहानपणी घरच्या भिंतींवर चित्रे काढू लागले, तेव्हा आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली. त्या वहीची रोजनिशी झाली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून ते इतिहास घेऊन बी.ए. झाले. पण ऐन तारुण्यातल्या त्या रोजनिश्या पाहा. 1949, 1950, 1951 या वर्षांच्या वह्या आता छापील स्वरूपात मिळतात. गावातले लग्न, मयत, चर्चचे फेस्त, शेजाऱ्यांच्या गप्पा, सगळे दिवसागणिक रेखाटलेले. यातला कुठलाही चेहरा नुसता ‘एक पाद्री’ किंवा ‘एक म्हातारी’ नाही. ती विशिष्ट बाई आहे, तिची खांदे पाडून उभी राहण्याची विशिष्ट तऱ्हा आहे. मारिओंची खरी शाळा मी या वह्यांना मानतो.

माणसे अशीच नेमकी टिपणारा आणखी एक चित्रकार भेटवायला इथे मला दोनशे वर्षे मागे, लंडनला जायचे आहे. विल्यम होगार्थ (1697–1764) हा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी केलेला माणूस. वडील कर्जापायी तुरुंगात पडलेले. त्यामुळे शहराचे पोट त्याने आतून पाहिले. एका वेश्येची, एका उधळ्या तरुणाची अधोगती त्याने चित्रमालिकांतून सांगितली आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यांचे ठसे विकले. चोरून छापणारे इतके माजले की त्याने पाठपुरावा करून 1735 साली कोरीवकारांच्या हक्काचा कायदा करून घेतला. तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

पण होगार्थ मोठा ठरतो तो चेहऱ्यांमुळे. 1743 साली त्याने एका ठशावर शेकडाभर चेहरे दाटीवाटीने कोरले. स्वभाव दाखवणे वेगळे आणि नाक-हनुवटी ताणून विद्रूप करणे वेगळे, हे त्याला त्यातून ठासून सांगायचे होते. अनाथ मुलांसाठी लंडनमध्ये आश्रम उभारणाऱ्या कॅप्टन कोरमचे मोठे व्यक्तिचित्र त्याने 1740 साली रंगवले, तेही एखाद्या उमरावाच्या थाटात. आणि आपल्या घरच्या सहा नोकरांची मुखेही त्याच आदराने एका कॅनव्हासवर आणली. डोक्यावर टोपली घेतलेली त्याची कोळंबी विकणारी मुलगी आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आपल्या बाजारातल्या मासळीवालीला, नुस्तेकान्नीला ती परकी वाटणार नाही.

मारिओही याच वाटेचे. 1959 च्या सुमारास गुलबेंकियन शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले, तिथून लंडनला, आणि पाचेक वर्षे तिथे काढून मुंबईला परतले. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि ‘टाइम्स’ समूहाच्या इतर पत्रांतून मग मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास ही त्यांची पात्रे घरोघरी पोचली. हे लोक हास्यास्पद आहेत, पण तुच्छ नाहीत. बंडलदास भ्रष्ट आहे हे रेषा लपवत नाही. तरी त्याच्या ढेरीवर, चालीवर चित्रकाराचा जीव जडलेला दिसतो. गर्दीच्या चित्रात तर ते कोपऱ्यातल्या कुत्र्यालाही स्वतःचा स्वभाव देतात. छायेसाठी एकावर एक आडव्या-तिरप्या रेघा घालण्याची त्यांची पद्धत कोरीव ठशांची आठवण करून देते. घाईने काढलेले व्यंगचित्र त्या दिवसापुरते जगते, मारिओंचे मात्र पन्नास वर्षांनीही पाहावेसे वाटते, त्याचे कारण ही मेहनत.

आपल्या बाजूला उपहास नव्हता का? होता आणि आहे. पेडण्यातल्या जत्रांत दशावताराचा संकासुर रंगात आला की गावातल्या बड्यांची धडगत नसते. कोरण्याचीही परंपरा आहे: देवळांच्या भिंतींवरचे कावीचे काम म्हणजे तांबड्या थराखालचा पांढरा चुना उघडा करत काढलेली रेषाच. पण कावीतली रेषा देवादिकांची आणि वेलबुट्टीची राहिली, आणि संकासुराची थट्टा पहाटेबरोबर विरून गेली. उपहास आणि रेषा यांची गाठ आपल्याकडे पडली नाही. याची मला हळहळ वाटते, कारण माणसे तर इथे भरपूर आहेत. खाणीच्या ट्रकांचे चालक, लईराई देवीचे व्रती धोंड, मयेचे कुळागर सांभाळणारे म्हातारे, तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर.

11 डिसेंबर 2011 रोजी लोटलीच्या त्याच घरात मारिओ गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांची मूळ चित्रे आणि छापे पर्वरीजवळ तोर्ड्याच्या गॅलरीत पाहायला मिळतात. या सभेत चित्रकलेचे शिक्षक बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे: मुलांना तिथे न्या, पण त्याआधी एक बुधवार त्यांना वही-पेन्सिल देऊन डिचोलीच्या बाजारात बसवा. नुसते नाक-डोळे नकोत. मिरच्या विकणारी बाई गिऱ्हाईक घासाघीस करू लागल्यावर हात कुठे ठेवते, ते काढायला सांगा.