फोटोग्राफर आणि त्याचे गिऱ्हाईक



दिवसभराच्या उकाड्यानंतर मंडळी येथे जमतात ती दोन घटका वारा खायला आणि जमल्यास चार चांगल्या गोष्टी ऐकायला. अशा वेळी फार जड विषय घेऊ नये, असा आमचा जुना समज आहे. म्हणून आज आम्ही फोटो काढण्याच्या धंद्याविषयी बोलणार आहोत. कलेविषयी न म्हणता धंद्याविषयी असे आम्ही मुद्दामच म्हणतो. विषयाची मेख तेथेच आहे.

कारागीर मंडळींकडून एक तक्रार नेहमी कानावर येते. मूर्तिकार म्हणतो, दरसाल तोच साचा काढून काढून हात मेला. गवई म्हणतो, शिकवण्या करता करता गाणे राहून गेले. फोटोग्राफर म्हणतो, लग्नमुंजी आणि पासपोर्टचे फोटो यांपलीकडे आता काही सुचतच नाही. सर्वांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच : गिऱ्हाईक पुढल्या दाराने आत आले की प्रतिभा मागल्या दाराने निघून जाते. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोट प्रत्येकाला आहे, आणि पोटासाठी केलेल्या कामाने माणूस थकतो. परंतु प्रतिभा जाते त्याच दाराने ती कधी परतही येते का, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात फार चांगले सापडते.

त्याआधी आपण स्वतः फोटो काढून घ्यायला बसतो तेव्हा काय होते ते आठवून पाहावे. ज्यांची लग्ने घरच्या वडीलधाऱ्यांनी जुळवली, त्यांना ‘दाखवायचा फोटो’ आठवत असेल. मागे रंगवलेला पडदा, त्यावर न वाहणारा धबधबा, शेजारी तिवईवर कागदी फुले. फोटोग्राफर म्हणतो, ‘हनुवटी जरा वर, खांदे सैल, हलू नका.’ त्या क्षणी आपला चेहरा आपला राहत नाही. तो आपण ठेवलेला चेहरा होतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, धबधब्याचा पडदाही गेला. परंतु चेहरा ठेवण्याची आपली सवय काही गेली नाही, उलट वाढली. फोटोग्राफरच्या बाजूने पाहिले तर हा पेच भयंकर आहे. दिवसभर त्याच्यासमोर माणसे येतात आणि प्रत्येक जण येताना मुखवटा घालून येतो. वर्षानुवर्षे मुखवटेच पाहणाऱ्याची नजर विटली, तर नवल ते काय!

आता आमच्या नायकाकडे वळू. फिलिप हाल्समन हा 1906 साली रीगा शहरी जन्मला. बाप दंतवैद्य, घर ज्यू. मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला विजेच्या यंत्रांचे शास्त्र शिकू लागला. 1928 च्या सप्टेंबरात बापलेक ऑस्ट्रियातील टिरोलच्या डोंगरांत पायी फिरत असता बापाचा मृत्यू झाला, डोक्याला जखमा आढळल्या, आणि 22 वर्षांच्या मुलावरच खुनाचा आळ आला. इन्सब्रुकला खटला चालला. प्रत्यक्ष पुरावा नव्हता, पण त्या भागात ज्यूद्वेष भरपूर होता. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. पुढे आइन्स्टाइन, फ्रॉइड, टॉमस मान अशा माणसांनी त्याची बाजू घेतली आणि 1930 साली तो सुटला. परंतु ऑस्ट्रियात पुन्हा पाऊल न ठेवण्याच्या अटीवर.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की ज्याचा चेहरा भर न्यायालयात लोकांनी दोन वेळा वाचला आणि दोन्ही वेळा चुकीचा वाचला, तोच माणूस पुढे जन्मभर चेहरे वाचण्याच्या धंद्यात पडला. त्या दोन गोष्टींचा धागा त्याने स्वतः जोडला नसेल, पण आम्हांस तो जोडल्यावाचून राहवत नाही.

सुटका झाल्यावर तो पॅरिसला आला आणि माणसांचे फोटो काढू लागला. आंद्रे जीद, शागाल, मालरो यांच्यासारखे लोक त्याच्यासमोर बसले. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात एक अडचण होती. मागल्या दुधी काचेवर प्रतिमा नीट जुळवायची, मग त्या जागी फिल्म घालायची; पण फिल्म आत गेली की प्रतिमा दिसेनाशी होई. फोटो निघायचा त्या नेमक्या क्षणी फोटोग्राफर आंधळा! तेवढ्यात समोरच्या चेहऱ्यावरून काहीतरी येऊन जाई आणि निसटे. 1936 च्या सुमारास हाल्समनने स्वतः आराखडा काढून दोन भिंगांचा मोठा कॅमेरा बनवून घेतला. एका भिंगातून पाहायचे, दुसऱ्यातून फोटो घ्यायचा. शेवटच्या पळापर्यंत माणूस नजरेआड होत नसे. अभियांत्रिकीचे शिक्षण अखेर कामी आले ते असे.

1940 साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. आइन्स्टाइनच्या मदतीने परवाना मिळाला आणि हाल्समन अमेरिकेला पोहोचला. तेथे त्याला कोणी ओळखत नव्हते. 1942 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा पहिला फोटो आला. विषय होता बायकांच्या नव्या टोप्या! पुढे ‘लाइफ’ची 101 मुखपृष्ठे त्याच्या नावावर जमा झाली. ही सारी कामे सांगून दिलेली. अमक्या नटीचा फोटो हवा, तमक्या सेनेटरचा हवा, अमुक दिवशी हवा. साहेबांना वेळ पंधरा मिनिटे. साहेबांच्या डोक्यात त्या वेळी भलतेच काही चाललेले.

त्याला युक्त्या सुचत नव्हत्या असे मुळीच नाही. चित्रकार साल्वादोर दाली हा त्याचा स्नेही. 1948 मध्ये दोघांनी मिळून दाली, खुर्ची, तीन मांजरे आणि बादलीभर पाणी असे सारे एकाच वेळी हवेत तरंगते आहे असा फोटो काढला. त्यासाठी 28 वेळा मांजरे फेकावी लागली आणि पाच-सहा तास गेले. प्रत्येक खेपेनंतर हाल्समन फिल्म धुऊन पाहायला आत जाई आणि मदतनीस जमीन पुसून मांजरे पकडीत बसत. (मांजरांचे मत कोणी विचारले नाही.) पण दाली हा मित्र होता आणि स्वतःच मोठा खेळ्या होता. खरा प्रश्न होता तो पैसे देऊन समोर बसणाऱ्या, घड्याळाकडे पाहणाऱ्या अनोळखी माणसाचा.

तसे पाहिले तर वाट त्याला गिऱ्हाइकांनीच दाखवली. फेर्नांदेल नावाचा एक फ्रेंच विनोदी नट त्याच्याकडे आला. हाल्समनने त्याला अमेरिकेविषयी एकेक प्रश्न विचारले आणि नटाने तोंडाने एक शब्दही न बोलता नुसत्या चेहऱ्याने उत्तरे दिली. त्या 24 उत्तरांचे 1949 साली पुस्तक निघाले. 1950 च्या सुमारास एका नभोवाणी-दूरचित्रवाणी कंपनीने त्याला आपल्या विनोदी नटांचे फोटो काढायला बोलावले. त्यांच्यापैकी काही जण कॅमेऱ्यासमोर चक्क उड्या मारू लागले, आणि प्रत्येकाची उडी त्याच्या स्वभावासारखी असे. हाल्समनने ते पाहिले, मनात ठेवले आणि पुढल्या कामाला लागला.

मग 1952 साल आले. फोर्ड मोटार कंपनीला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती, त्यानिमित्त साऱ्या फोर्ड घराण्याचा एकत्र फोटो काढण्याचे काम हाल्समनकडे आले. एकत्र कुटुंबाचा ग्रूप फोटो काढताना काय हाल होतात, हे आपल्याकडच्या कोणाही फोटोग्राफरला विचारावे. मोठ्यांचा जीव टांगलेला, मुले चुळबुळत असलेली. एकाचे डोळे उघडतात तोवर दुसऱ्याचे मिटतात. काम संपले तेव्हा हाल्समन पार दमून गेला होता. घरातील वडीलधारी बाई म्हणजे एडसेल फोर्ड यांच्या विधवा पत्नी. त्यांनी पाहुण्याला पेयपानासाठी बसवून घेतले. आणि त्या थकव्यात, हातात पेला असताना, हाल्समनच्या तोंडून एक प्रश्न निघून गेला : बाईसाहेब, आपण उडी मारलेला एक फोटो घेऊ का?

त्या बाईचे वय, तिचे घराणे, तिची कोट्यवधींची संपत्ती मनात आणली म्हणजे या प्रश्नाचे धाडस कळेल. बाई चकित झाल्या. उंच टाचांचे बूट घालूनच का, एवढेच त्यांनी विचारले, बूट काढले आणि उडी मारली. ते पाहून त्यांच्या सूनबाई पुढे आल्या, मीही मारते म्हणाल्या.

आम्हांस या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. ही कल्पना हाल्समनला रजेवर असताना सुचली नाही, डोंगरावर एकांतात सुचली नाही. धंद्यातल्या अत्यंत कंटाळवाण्या कामाच्या शेवटी, गिऱ्हाइकाच्याच दिवाणखान्यात सुचली. नटांच्या उड्या मनात कोठेतरी पडून होत्या. त्यांना बाहेर यायला एक दमलेली संध्याकाळ आणि एक हौशी बाई लागली.

त्यानंतर सुमारे सहा वर्षे हाल्समनने नेम ठेवला. मागणीचा नेहमीचा फोटो आधी पुरा करायचा, आणि निरोप घेण्यापूर्वी विचारायचे : एक उडी मारता का? शंभरांहून अधिक नामवंतांनी ती मारली. विंडसरच्या ड्यूक आणि डचेस यांनी बूट काढून, हातात हात घालून मारली. त्या वेळचे उपाध्यक्ष निक्सन यांनी मारली. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तर ऐंशी उलटलेली. या वयात उडीने जीव गेला तर, अशी शंका त्यांनी काढली, आणि तसे जाणेही काही वाईट नव्हे असा निकाल देऊन उडी मारली. काहींनी नकार दिला. माजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी दिला, पियानोवादक व्हॅन क्लायबर्न यांनीही दिला. 1959 मध्ये या साऱ्या उड्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

हाल्समनचे म्हणणे असे, की उडी मारताना माणसाचे सारे लक्ष उडीकडे असते, चेहरा सांभाळायला ते शिल्लक राहत नाही, म्हणून मुखवटा गळतो. ही गोष्ट आम्हांस पटते. परंतु कोणाचे हात कसे, पाय कसे, यावरून स्वभाव सांगण्याचे एक शास्त्रच त्याने अर्ध्या थट्टेने उभे केले, ते मात्र आम्ही थट्टेइतकेच घेतो. अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर हात वर ताणून उडाले. या उडीत तुम्हांला काय दिसले, असे त्यांनी विचारले तेव्हा हाल्समन म्हणाला, आपला हात वर रोखलेला आहे, आपण जणू नवी दिशा, नवे ध्येय दाखवीत आहात. ओपेनहायमर हसले, आपण नुसते वर हात पोहोचवायला पाहत होतो, असे त्यांनी सांगितले. हा किस्सा हाल्समनने स्वतःच सांगितला आहे, यात त्याचा मोठेपणा आहे.

कोणी म्हणेल, मग ही एक युक्तीच झाली; युक्ती शिळी झाली की पुन्हा पहिले पाढे. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही उडीच्या पाच वर्षे आधीचा एक फोटो पुढे ठेवतो. 1947 साली हाल्समन प्रिन्स्टनला आइन्स्टाइनच्या अभ्यासिकेत गेला. ज्याने तुरुंगातून सोडवायला शब्द खर्चला, ज्याने समुद्रापार यायला मदत केली, तोच आता समोर बसलेला. आइन्स्टाइनला फोटोग्राफरांचा तिटकारा होता. येथे उडी नाही, प्रश्नांचा खेळ नाही. बोलता बोलता आइन्स्टाइन अणुबाँबविषयी बोलू लागला. आपल्या सूत्रामुळे आणि आपण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रामुळे तो शक्य झाला, हे दुःख त्याला खात होते. बोलणे थांबले, त्याने नजर वर केली, आणि हाल्समनने कळ दाबली. तो फोटो पुढे 1966 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला आणि 1999 च्या अखेरीस ‘टाइम’ने शतकातला माणूस म्हणून आइन्स्टाइनची निवड केली तेव्हा मुखपृष्ठावरही आला. त्या डोळ्यांत जे आहे ते कोणत्याही युक्तीने आणता येणारे नाही. फोटोग्राफरने तेथे केले ते एवढेच, की समोरच्याला बोलू दिले आणि ऐकताना त्याच्यावरची नजर काढली नाही.

म्हणजे उडी काय आणि स्तब्धता काय, दोन्ही समोरच्या माणसाकडूनच आल्या. विजेचे शास्त्र शिकलेल्या या गृहस्थाने 1961 साली कल्पना कशा सुचवून घ्याव्यात यावर नियमांसह एक पुस्तक लिहिले. नियम उपयोगाचे आहेत, नव्या फोटोग्राफरांनी ते जरूर पाहावेत. पण तो स्वतः नियमांवर थांबला नाही; 1979 साली वारला तोवर त्याचे काम माणसांशीच चालू होते.

शेवटी मेरिलिन मनरोची हकीकत सांगतो आणि आपली रजा घेतो. तिचे ‘लाइफ’वरचे पहिले मुखपृष्ठ 1952 साली हाल्समननेच काढलेले. 1954 मध्ये त्याने तिला उडी मारायला सांगितले. ती लहान मुलीसारखी, पाय दुमडून उडाली. हाल्समन म्हणाला, पुन्हा मार, उडीत तुझा स्वभाव दिसू दे. उडीत स्वभाव दिसतो हे ऐकताच ती बाई घाबरली. जिचे फोटो जगभर भिंतींवर लागलेले, ती आपला स्वभाव दिसेल म्हणून घाबरली! त्यानंतर तिने उडी मारायला साफ नकार दिला, आणि हाल्समनने आग्रह धरला नाही. पाच वर्षे गेली. 1959 मध्ये ‘लाइफ’च्या कामासाठी ती पुन्हा त्याच्याकडे आली, आणि या खेपेला ती तयार होती. बूट काढून ती उडू लागली. एकदा, दहादा, पुन्हा पुन्हा. मनासारखी उडी होईतो थांबायला तयार नाही. त्या बैठकीतला फोटो त्याच वर्षीच्या 9 नोव्हेंबरच्या अंकावर आला. त्या दोघांचा आणखी एक फोटो आहे. त्यात हाल्समन कॅमेऱ्यामागून बाहेर आला आहे, त्याने मनरोचा हात धरला आहे, आणि दोघांचेही पाय जमिनीवर नाहीत.