दुरुस्तीची तपासणी

वह्या तपासताना शिक्षकाला एक अनुभव नेहमी येतो. गणिताचे उत्तर बरोबर असते, पण रीत चुकलेली असते. दोन चुकांनी एकमेकींना झाकून घेतलेले असते. अशा वहीवर बरोबरची खूण करणारा शिक्षक विद्यार्थ्याचे हित करीत नाही. माझा आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्याचे मर्म हेच आहे.

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते. मुख्य प्रणाली आणि उपकरण यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात निम्म्याहून अधिक मजकूर ड्रायव्हरांचाच आहे. त्यात कोणीही दुरुस्ती सुचवावी. पण जाणकारांनी ती तपासल्यावरच तिचा स्वीकार व्हावा, अशी तेथील रीत आहे. तपासणारा आपले नाव खाली लिहितो, म्हणजे जबाबदारीही घेतो.

तो काय पाहतो? घेतलेली स्मृती काम फसले तरी परत केली जाते काय? दोन प्रक्रिया एकाच वेळी उपकरणाला हात घालणार नाहीत, असे कुलूप आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही दुरुस्ती रोगावर आहे की केवळ लक्षणावर?

या शेवटच्या प्रश्नाचे मोल २००८ साली दिसून आले. लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रती वापरणाऱ्या काहींच्या संगणकांतील इंटेलची नेटवर्क यंत्रणा निकामी होऊ लागली. तिचा पत्ता व जुळणी ज्या कायम स्मृतीत नोंदलेली असते, तीच बिघडत असे. संगणक पुन्हा सुरू करूनही उपयोग होत नसे. संशय साहजिकच ‘ई-१०००-ई’ नावाच्या ड्रायव्हरवर आला. त्या स्मृतीवर कोणाला लिहिताच येऊ नये, अशी दुरुस्ती त्यात करण्यात आली. ती योग्यच होती. परंतु लिहीत कोण होते, हा प्रश्न उरलाच.

तो सोडून न दिल्यामुळे ऑक्टोबरमध्ये खरा अपराधी सापडला. तो ड्रायव्हर नव्हताच! ‘एफट्रेस’ नावाची, आज्ञावलीतील पावलांचा माग काढणारी सोय गाभ्यात नव्याने आली होती. जेथे बदल करायचा त्या जागांचे पत्ते ती टिपून ठेवी. त्यांतील काही मजकूर संगणक सुरू होताना लागणारा व नंतर टाकून दिला जाणारा होता. रिकामा झालेला तोच पत्ता पुढे नेटवर्क यंत्रणेच्या स्मृतीला मिळाला. भाडेकरू बदलल्याचे ठाऊक नसलेल्या माणसाने जुन्या घरी जावे, तशी ही सोय तेथे गेली. तिची आज्ञा ‘अपेक्षित मजकूर असेल तरच बदल’ अशी होती. परंतु मजकूर जुळला नाही, तरी प्रोसेसर त्या आज्ञेत लिहिण्याची क्रिया करतोच. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. येथे मात्र सारे बिघडले. त्याच महिन्यात २.६.२७.१ या आवृत्तीत ती सोय बंद ठेवण्यात आली, आणि पुढे ती निराळ्या पद्धतीने रचली गेली.

श्रोतेहो, ड्रायव्हरला कुलूप लावून सर्वजण घरी गेले असते, तर ती अनाहूत लेखणी दुसऱ्या एखाद्या उपकरणावर चालली नसती, असे कोण म्हणू शकेल? म्हणून कोणी दुरुस्ती पुढे केली, की तपासणाऱ्याने तिचे स्वागत करावे, आणि त्याच वेळी ‘हे घडले कशामुळे?’ असेही विचारावे. त्यात सुचवणाऱ्याचा अवमान नाही. माझ्या वर्गात रीत विचारली म्हणून रुसलेली मुलेच पुढे ती रीत दुसऱ्यांना समजावून देताना मी पाहिली आहेत.