आजीच्या हातावरचं गोंदण

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात गोंड आणि कोलाम समाजाची जुनी वस्ती आहे. गोंड बायकांना गोंदण्याचं काम परंपरेनं ओझा समाजाच्या बाया करत. एकत्र बांधलेल्या सुया, कालवलेली काजळी आणि वरून हळद, एवढंच साहित्य. काजळीचे कण त्वचेच्या आतल्या थरात अडकून बसतात, म्हणून रंग जन्मभर टिकतो. दागिने इथंच राहतात, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येतं, ही श्रद्धा.

रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात या गोंदणाची दखल घेतली.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभं आहे. मूर्ती, शिलालेख तिथं जपता येतात. राष्ट्रीय स्मारकांना १९५८ च्या कायद्याचं संरक्षण आहे. गोंदण मात्र गोंदलेल्या बाईबरोबरच जातं, आणि हे नुकसान फार मोठं आहे. आजचे तरुण दंडावर रायगड, राजमुद्रा कोरून घेतात. चांगलंच आहे! पण आजीच्या मनगटावरचा विंचूही वारसाच.

तेव्हा मारेगावच्या शाळांनी एक खोली या गोंदणाच्या नोंदींसाठी द्यावी. आजींची परवानगी घेऊन छायाचित्रं काढा, प्रत्येक खुणेचं नाव त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात नोंदवा. हे काम याच वर्षी सुरू करा.