खरखरीतून वाट
इंदूरमध्ये राऊजवळच्या राजा रामन्ना केंद्रात ‘इंडस-२’ या कण-वेगवर्धकाच्या सुमारे १७२ मीटर परिघात इलेक्ट्रॉन फिरतात. त्यांची वाट जराशी सरकली की चुंबकांनी ती सावरायची. पण मोजमापातच खरखर मिसळली, तर यंत्रणा नसलेली चूक दुरुस्त करत बसते! अंतराळयानाचंही तसंच. दिशेतला बदल मोजणाऱ्या जायरोस्कोपचं मोजमाप संगणक ठरावीक अंकांत बसवतो. उरलेली बारीक चूक बेरजेत साठत जाते आणि दिशा हळूहळू भरकटते. मग तारे पाहून ती पुन्हा जुळवायची. २००९ मध्ये चांद्रयान-१चे तारे टिपणारे संवेदकच निकामी झाले. इस्रोने जायरोस्कोपच्या आधारे यान सांभाळलं, मे महिन्यात चंद्राभोवतीची कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेली. ऑगस्टअखेर संपर्क तुटेपर्यंत काम चालू होतं.